सरासरी चेहऱ्यांची दीडशे वर्षे

संमिश्र चेहऱ्यांचा आढावा घ्यायचा तर गाल्टनला टाळता येत नाही, आणि माझा त्याच्यावरचा राग जुना आहे. १८७८च्या सुमारास फ्रान्सिस गाल्टनने कैद्यांच्या प्रतिमा डोळ्यांशी डोळे जुळवून एकाच काचेवर उमटवल्या. त्याला हवा होता गुन्हेगारीचा नमुनेदार चेहरा. निघाला एक बरा दिसणारा गृहस्थ. एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. गाल्टनने पुढे युजेनिक्सचा पाया घातला. चेहरे-कवट्या मोजून वंशाची प्रत ठरवण्याचा तो नाद बर्लिनमध्ये ऑयगेन फिशरपर्यंत पोचला. याच फिशरच्या हाताखाली इरावती कर्वे यांनी पीएच.डी. केली. कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेचा वंशाशी संबंध असावा, हे गुरुजींचे अनुमान. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही, असे लिहून दिले! आपल्याकडे चेहऱ्यांवर व्याख्याने झोडणाऱ्यांपैकी कुणी हे सांगत नाही.

मधला काळ भराभर ओलांडू. आयडेंटिकिट, फोटोफिट, पोलिसांच्या पेट्यांतली सुटी नाके आणि हनुवट्या. आपण चेहरा तुकड्यांनी लक्षात ठेवत नाही, त्यामुळे हा खटाटोप फार चालला नाही. १९८७ मध्ये अँड्र्यू यंग आणि सहकाऱ्यांनी एकाचा कपाळ-डोळ्यांचा भाग दुसऱ्याच्या नाक-ओठांवर बसवला, तेव्हा बघणाऱ्यांना तिसराच माणूस दिसू लागला. अर्धे जरा सरकवताच मूळचे दोघे ओळखू आले. कलेच्या बाजूने नॅन्सी बर्सनचे १९८२चे ‘वॉरहेड १’ तेवढे सांगितले पाहिजे. पाच राष्ट्रप्रमुखांचे चेहरे तिने अण्वस्त्रांच्या प्रमाणात मिसळले : रेगन ५५ टक्के, ब्रेझनेव्ह ४५ आणि थॅचरबाईंसह उरलेले तिघे नावापुरते.

मग १९९० मध्ये लँगलॉइस आणि रॉगमन यांनी सरासरी चेहराच देखणा ठरतो असे दाखवले, आणि आमच्या काही विद्वान मित्रांना आयुष्यभराचे भांडवल मिळाले. मात्र १९९४चे पेरेट यांचे काम ते सोयीस्करपणे विसरतात. सगळ्यांच्या सरासरीपेक्षा निवडक देखण्या चेहऱ्यांची सरासरी लोकांना अधिक आवडली, आणि त्या दोहोंतला फरक आणखी ताणला तर त्याहून अधिक. शिवाय निगेटिव्हवर निगेटिव्ह ठेवली की मुरुमे आणि सुरकुत्या विरघळतात, हे डार्करूममध्ये हात काळे केलेल्याला शिकवावे लागत नाही.

माझा पक्ष पहिल्यापासून वेगळा : अनेक माणसांचा एक चेहरा करू नका, एकाच माणसाचे अनेक चेहरे एकत्र आणा. २००८ मध्ये ग्लासगोच्या जेन्किन्स आणि बर्टन यांनी नेमके हेच केले. नामवंतांचे सुटे फोटो संगणकाला ५४ टक्के वेळा ओळखता येत होते. त्याच व्यक्तीच्या अनेक फोटोंची सरासरी दिल्यावर १०० टक्के. ऊन-सावली, कॅमेऱ्याची लहर, त्या दिवसाचे जागरण गळून पडते आणि माणूस उरतो. २०११चा प्रयोग तर मला फारच प्रिय आहे. दोन डच स्त्रियांचे ४० फोटो ब्रिटिश मंडळींना दिले आणि माणसागणिक ढीग करायला सांगितले. बहुतेकांनी दोनाहून कितीतरी जास्त ढीग केले. सर्वाधिक वेळा आलेला आकडा नऊ! त्या दोघींना ओळखणाऱ्या डच लोकांना मात्र ते सहज जमले. ओळख म्हणजे एक ठसा नव्हे. लग्नातली आई, तापातून उठलेली आई, रेशनकार्डावरची आई ही सगळी एकच, हे ज्याला दिसते त्यालाच ती ओळखीची.

आजचे काय सांगावे? २०२२च्या एका अभ्यासात यंत्राने रचलेला चेहरा आणि खरा चेहरा यांतला फरक लोकांना ४८ टक्केच वेळा कळला, म्हणजे छापा-काट्याहून वाईट. वर खोटे चेहरेच थोडे अधिक विश्वासार्ह वाटले. आमच्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरही आता अशाच गुळगुळीत, कुणाच्याच नसलेल्या बायका पणती घेऊन उभ्या राहू लागल्या आहेत. जुन्या मुखपृष्ठांवरच्या चित्रकार दीनानाथ दलालांच्या बायका काल्पनिक असतील, पण प्रत्येकीचा तोरा तिचा होता. संपादकांना एवढेच सांगणे : पुढच्या वर्षी चित्रकाराला मानधन द्या, नाहीतर खऱ्या बाईचा फोटो छापा, तिच्या वाकड्या भुवईसकट.