मापाच्या क्लबचा जमाखर्च

गोल्फच्या नियमांनी खेळाडूस एका फेरीत चौदाहून अधिक क्लब बाळगण्याची मुभा दिलेली नाही. परंतु त्या क्लबांची लांबी, दांड्याचा ताठरपणा आणि मुठीची जाडी आपल्या देहयष्टीस अनुरूप करून घ्यावी, की दुकानातील तयार संचास आपणच अनुरूप व्हावे, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या खिशावर सोपवला आहे.

नॉर्वेत जन्मलेल्या, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत अभियंता असलेल्या आणि पुढे ‘पिंग’ हा कारखाना काढणाऱ्या कार्स्टन सोल्हाइम यांनी क्लबांवर रंगीत ठिपके देऊन त्यांचा ‘लाय’, म्हणजे दांड्याने जमिनीशी केलेला कोन, खेळाडूगणिक ठरवण्याची पद्धत रूढ केली. हा कोन क्षुल्लक नव्हे. तो प्रमाणाबाहेर उभा असल्यास आघाताच्या क्षणी पात्याचे टोक वर उचलले जाते आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू, फटका निर्दोष असूनही, डावीकडे जातो. शिवाय पात्याचा उतार जितका अधिक तितका हा दोष वाढतो, त्यामुळे ड्रायव्हरमध्ये तो जवळजवळ जाणवत नाही, मात्र नऊ क्रमांकाच्या आयर्नमध्ये एका अंशाची चूक शंभर मीटरांवर सुमारे दीड मीटरची तफावत करते. बुटक्या किंवा फार उंच माणसाने मापाची उपेक्षा करू नये ती याचसाठी.

चेंडूचा वेग, उड्डाणकोन आणि फिरकी मोजणाऱ्या रडारयंत्रांनी मापाची ही परीक्षा पुष्कळच अचूक केली आहे, यात शंका नाही. तथापि परीक्षा घेणारा आणि क्लब विकणारा बहुधा एकच इसम असतो, आणि फिर्यादीच न्यायासनावर बसल्यावर निकाल काय लागायचा हे सांगण्यास कायदेपंडित नको. म्हणून आपला जुना क्लब बरोबर न्यावा, त्याच यंत्रापुढे आधी तोच चालवावा आणि मग नव्याचे आकडे त्याच्याशी ताडून पाहावेत. एखाददुसऱ्या देदीप्यमान फटक्यावर नव्हे, तर दहाबारा फटक्यांच्या सरासरीवर भिस्त ठेवावी.

नवशिक्याची गोष्ट निराळी. ज्याचा झोका महिन्यागणिक बदलतो, त्याच्या मापास स्थैर्यच नाही. त्याने तूर्त ती रक्कम शिक्षकाकडे जमा करावी. नियमित खेळणाऱ्याने, विशेषतः नवा संच घेणे ठरलेच असेल तर, माप अवश्य घ्यावे. मात्र जुना संच चांगल्या स्थितीत असल्यास आधी त्याची मूठ बदलून पाहावी आणि लाय तपासून घ्यावा. घडीव पोलादाची पाती कसबी कारागीर अंशदोन अंश वाकवून देतो, आणि त्याची मजुरी नव्या संचाच्या किमतीपुढे अगदीच किरकोळ असते.