अर्ध्या तासाची घाई आणि पोह्यांची बशी

अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीपासून सायन कोळीवाड्यापर्यंत कुठल्याही जिममध्ये संध्याकाळी डोकवा, शेवटचा सेट संपतो न संपतो तोच शेकर खडखडू लागतात. अर्ध्या तासात प्रोटीन पोटात गेलं नाही तर घाम वाया, अशी पोरांची पक्की समजूत. घर चार पावलांवर असलं तरी बेंचवर बसूनच घटाघटा पिणं होतं.

समजुतीत तथ्य आहे, घाईत नाही. वजन उचललं की स्नायूंतली प्रथिनं मोडूही लागतात आणि नव्यानं जुळूही लागतात. रिकाम्या पोटी मोडतोड वरचढ राहते. अन्नातली अमिनो आम्लं रक्तात उतरली, त्यातल्या ल्युसिननं इशारा दिला, की पारडं बांधणीकडे झुकतं. पण व्यायामानं जागा झालेला स्नायू पुढचे निदान २४ तास प्रथिनांना चांगला प्रतिसाद देत असतो. दुपारी नीट जेवून जिमला आलेल्याला घड्याळाकडे बघायचं कारण नाही.

मग किती खायचं? साध्या प्रौढ माणसासाठी हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम सांगते. वजनं उचलणाऱ्याला याहून जास्त लागतं. २०१८ साली ४९ प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले गेले, तेव्हा साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे सरासरीनं फारसा फायदा दिसेना. त्याच तपासणीतली दुसरी गोष्ट पावडरवाले सहसा सांगत नाहीत: नुसत्या व्यायामानं सरासरी एक किलोच्या आसपास स्नायूभार वाढला होता, आणि जादा प्रथिनांनी त्यात सुमारे ०.३ किलोची भर घातली. मुख्य काम लोखंडानंच केलं.

आता ६५ किलोच्या पोराचा हिशेब मांडू. गरज १०४ ग्रॅमची. सकाळी कांदेपोहे आणि चहा, म्हणजे जेमतेम ६ ग्रॅम. डब्यात तीन चपात्या, वरण, भाजी: फार तर १७. संध्याकाळचा वडापाव अजून ५-६ देतो. रात्री माशाचं कालवण आणि भात, २८ धरू. बेरीज साठीलाही पोचत नाही, आणि त्यातली निम्मी प्रथिनं रात्रीच्या एका ताटात. खरी गोची इथे आहे. व्यायाम सकाळचा असो की संध्याकाळचा, दिवसाचा पूर्वार्ध कोरडाच जातो.

ही तूट भरायला पावडरचा डबाच हवा असं नाही. तीन उकडलेली अंडी १८ ग्रॅम देतात, ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या २६. शाकाहाऱ्याला १०० ग्रॅम पनीर १८ ग्रॅम देतं. मूठभर फुटाणे ६, ते खिशातही मावतात. कोळीवाड्याच्या शेजारी राहणाऱ्यानं तर सुकटीला नाक मुरडू नये. ओल्या बोंबलात बहुतांश पाणीच असतं. वाळला की पाणी उडतं आणि प्रथिनं दाटतात. (शेजारी नाक मुरडतील, तो भाग वेगळा.)

पावडरच्या डब्यातल्या व्हे प्रोटीनचं गूढही फारसं नाही. दूध फाडून पनीर काढल्यावर जे हिरवट पाणी उरतं, तसंच चीजच्या कारखान्यात उरलेलं पाणी गाळून, सुकवून ही पावडर होते. ती लवकर पचते, ल्युसिनही भरपूर असतं. नोकरी, लोकल आणि जिमच्या धावपळीत सोयीची आहेच. तरी २०२४च्या आहार-मार्गदर्शनात पोषण संस्थेनं अशा पावडरी टाळण्याचाच सल्ला दिला. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यानं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवूच नयेत.

या सगळ्यात विसरला जातो तो जिमला न जाणारा आजोबा-वर्ग. उतारवयात स्नायू प्रथिनांना मंद प्रतिसाद देतात, म्हणून तरुणाला एका वेळी २० ग्रॅम पुरत असतील तर साठीच्या माणसाला ३०च्या आसपास लागतात. प्रत्यक्षात रात्री चहा-बिस्किटं किंवा दूधभातावर भागवणारे तेच. त्यांच्या ताटात एक वाटी घट्ट वरण आणि दोन अंडी वाढवावीत, आणि खुर्चीतून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठ-बस करायला लावावं.