नदीचा निःश्वास

जंगल हवेतला कार्बन-डाय-ऑक्साइड शोषून घेते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण त्याच जंगलातून वाहणारी नदी तो वायू हवेला परत करते, याचा हिशेब फार दिवस कोणी मांडलाच नव्हता. ॲमेझॉनच्या खोऱ्याचा तो २००२ साली जेफ्री रिची व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. आकडा निघाला वर्षाला सुमारे ५० कोटी टन कार्बन! नदी समुद्राला जेवढा सेंद्रिय कार्बन नेऊन घालते, त्याच्या निदान दहापट.

घडते ते असे. पुराच्या दिवसांत ॲमेझॉन काठ सोडून मैलोगणती रानात शिरते. पाने, मुळे, गवत पाण्यात कुजतात, सूक्ष्म जीव त्यांवर ताव मारतात आणि पाणी वायूने भरून जाते. सोडावॉटरची बाटली उघडल्यावर जे होते, तेच मग नदीच्या पृष्ठावर संथपणे चालू राहते. चिखलातला प्राणवायू संपला की मिथेनही तयार होतो.

मग नदीला दोषी धरायचे काय? मुळीच नाही. यातला बराचसा कार्बन चार-पाच वर्षांपूर्वीच झाडांनी हवेतून घेतलेला असतो. उसने आणले ते फेडले, इतकेच. खरा प्रश्न धरणांचा आहे. ब्राझीलमधल्या बाल्बिना धरणाने दोन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक प्रदेश बुडवला आणि पदरात पडली २५० मेगावॉटची वीज. तळाचे मिथेनयुक्त पाणी टर्बाइनमधून बाहेर पडताच दाब उतरतो व वायू सुटतो; धरणाखाली पुष्कळ अंतरापर्यंत तो नदीतून उठताना आढळला आहे. नुसत्या जलाशयावरचा वायू मोजला, तर हा भाग जमाखर्चातून निसटतोच.