भेटवस्तू कोणाच्या हातची?

अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत विद्यार्थिनींची ‘सोरोरिटी’ नावाची भगिनीमंडळे असतात. त्यांची नावे ग्रीक अक्षरांची, विधी गुप्त आणि सदस्यत्व निवडीने मिळणारे. नव्या मुलीला मंडळात एक थोरली बहीण नेमून दिली जाते. पण ती कोण, हे काही दिवस तिला कळू देत नाहीत. त्या दिवसांत धाकटीकडे निनावी भेटी येत राहतात. रंगवलेली लाकडी अक्षरे, कागद चिकटवून सजवलेली बरणी, छायाचित्राची चौकट. अखेर सर्वांसमक्ष थोरली प्रकट होते. वल्ह्याच्या आकाराची रंगीत फळी देण्याचीही रीत आहे. विद्यार्थ्यांच्या मंडळांत हीच फळी एके काळी नवागतांना बडवण्याच्या कामी येई. पुढे तिच्यावर फुले आणि नावे रंगवून ती भिंतीवर टांगली जाऊ लागली, हे बरेच झाले.

वरवर पाहता हा सारा पोरखेळ वाटेल. परंतु चार आठवड्यांच्या ओळखीला बहिणीचे नाते म्हणायचे, तर त्या नात्याला काही तारण हवे. ते तारण म्हणजे वेळ. परीक्षा तोंडावर आलेली असताना थोरलीने फळी पॉलिश पेपरने घासली, दोन हात रंग दिला, तो वाळेपर्यंत वाट पाहिली आणि मग नाव रेखाटले, हे धाकटीला ती वस्तू पाहताच समजते. एखादे अक्षर तिरके आले असेल, तर अधिकच समजते.

मात्र हातच्या वस्तूचा विचार येथेच थांबत नाही. कारण बहिणींच्या घरांत शोभलेल्या सर्वच वस्तू बहिणींच्या हातच्या नव्हत्या. ‘पाय बीटा फाय’ हे मंडळ १८६७ साली इलिनॉय राज्यातील मॉनमथ महाविद्यालयाच्या १२ विद्यार्थिनींनी स्थापन केले. संस्थापिकांचे स्मारक म्हणून डोंगराळ मुलखात शाळा काढण्याचा ठराव मंडळाने १९१० मध्ये केला आणि १९१२ मध्ये टेनेसी राज्यातील गॅटलिनबर्ग या आडगावी ती सुरू झाली. त्या डोंगरांत घरोघरी हातमाग चालत असत; पण गिरणीचे कापड आल्यावर ते अडगळीत पडू लागले होते. १९२५ साली विनोजीन रेडिंग नावाची विणकाम शिक्षिका तेथे आली. लेकींसाठी शाळा आणि आयांसाठी माग, अशी जोडी जमली. १९२६ मध्ये ‘ॲरोक्राफ्ट’ हे विक्रीकेंद्र निघाले. बाण हे मंडळाचे चिन्ह, त्यावरून हे नाव. बायका घरी बसून टेबलावरची आच्छादने, हातपुसणी, पिशव्या विणत. नगावर मजुरी मिळे. तो माल शहरोशहरींच्या माजी सदस्या आपापल्या मंडळांतून विकत आणि विकतही घेत.

यात उपकारकर्त्याचा तोरा नव्हता, असे म्हणवत नाही. नमुने ठरत ते शहरी गिऱ्हाइकाच्या आवडीनुसार आणि विणणारी बाई त्या मंडळाची ‘बहीण’ कधीच नव्हती. तथापि जेथे रोख पैसा दुर्मिळ होता, तेथे तो बाईच्या स्वतःच्या हाती पडू लागला, आणि तोही मोलकरणीच्या कामाचा नव्हे, तर कसबाचा. त्या काळच्या कित्येक दानधर्मांपेक्षा हा व्यवहार उजवा मानावा लागेल. वस्तू कोणत्या मुलखातून, कोणत्या प्रकारच्या घरातून आली, हे निदान घेणारीला ठाऊक असे.

आजच्या खरेदीत नेमके हेच हरवले आहे. मंडळांची अक्षरे व बोधचिन्हे ही नोंदलेली व्यापारचिन्हे असून ती छापून माल विकणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो आणि स्वामित्वधन भरावे लागते. धाकटीचे नाव कळवले की रंगवलेली फळी घरपोच येते. भेटींच्या टोपल्यांची छायाचित्रे सर्वत्र झळकतात, मग कोणाची टोपली मोठी याची चढाओढ लागते. रुखवतात विकतचे जिन्नस शिरल्यावर मांडवात जी कुजबुज होते, तिचीच ही धाकटी बहीण. भरीला, शिकवणी शुल्कासाठी कर्ज काढलेल्या मुलीलाही या चढाओढीत मागे राहून चालत नाही. काही शाखांनी खर्चाला मर्यादा घातली आहे. ती पाळली जाते की नाही, हे मंडळातल्या बहिणीच जाणोत. अशा भेटीत थोरलीचा वेळ नसतो आणि करणाऱ्याचा ठावठिकाणाही नसतो. परवान्याच्या पैशातून मंडळाची तिजोरी भरते, हे समर्थन हिशेबाला पुरे. पण फळी देण्याच्या रिवाजाला ते पुरत नाही.

गॅटलिनबर्गात १९४५ पासून भरू लागलेल्या उन्हाळी वर्गांतून ‘ॲरोमाँट’ ही हस्तकलेची संस्था उभी राहिली. २०१६ च्या नोव्हेंबरातील वणव्यात तिची दोन वसतिगृहे जळाली. संस्था मात्र टिकली. ज्या गावात बायका मजुरीसाठी माग चालवत, तेथेच आता दूरदूरची माणसे शुल्क भरून, आठवडाभर राहून, माग चालवायला शिकतात.