विश्लेषण : घरच्या शेडसाठी जुनी पॉवर प्रेस घ्यावी का?

वॉशर, क्लॅम्प, बिजागरी, विजेच्या पेटीचे झाकण किंवा एखाद्या पुरवठादाराने दिलेला छोटा जॉब. पत्र्याला भोक पाडायचे किंवा पत्र्यातून आकार कापायचा म्हटले की पॉवर प्रेस लागते. नवी परवडत नाही. मग भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली अशा औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या जुन्या यंत्रांच्या गोदामांत शोध सुरू होतो. यंत्र मिळतेही; ताजा रंग मारलेले, ग्रीस लावलेले, चालू अवस्थेतले. व्यवहार बहुधा दोन प्रश्नांवर उरकतो, किती टनाची आणि केवढ्याला. क्लच आणि ब्रेक कसे आहेत, हा तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. चालवणाऱ्याची बोटे मात्र त्याच प्रश्नावर अवलंबून असतात.

हे यंत्र चालते कसे?

इंग्रजी ‘सी’च्या आकाराची बॉडी, बाजूला जड फ्लायव्हील, वर क्रँकशाफ्ट आणि पुढे वरखाली होणारा रॅम. रॅमला पंच बसतो, खाली बेडवर डाय. मोटर दिसायला लहान असते. १० टनाच्या प्रेसला साधारण १ अश्वशक्तीची मोटर पुरते, कारण ठोक्याची ताकद फिरत्या चाकात साठलेली असते. ठोक्यात चाकाची जी गती जाते ती भरून काढणे एवढेच मोटरचे काम. त्यामुळे मोटर बंद केल्यावर किंवा लाइट गेल्यावरही चाक बराच वेळ फिरत राहते आणि तेवढ्यात पायडल दाबले गेले तर रॅम खाली येतो. लाइट गेली म्हणून डायमधला अडकलेला तुकडा काढायला हात घालणाऱ्यांनी हे विसरू नये.

आपल्याकडच्या लहान जुन्या यंत्रांत बहुतेक वेळा की-क्लच असतो. पायडल दाबले की शाफ्टमधली की वळून फ्लायव्हीलच्या खाचेत अडकते आणि शाफ्ट चाकाबरोबर फिरू लागतो. पूर्ण एक फेरा झाल्यावरच की सुटते आणि ब्रेक रॅमला वरच्या टोकाला धरतो. मध्ये थांबणे नाही. पाय उचला, स्विच बंद करा, सुरू झालेला ठोका पुरा होणारच. हवेच्या दाबावर चालणारा फ्रिक्शन क्लच रॅमला अर्ध्या वाटेतही थांबवू शकतो. पण ते यंत्र महाग असते आणि त्याला कॉम्प्रेसरही लागतो.

किती टनाची लागेल?

हिशेब सोपा आहे. कापायच्या आकाराचा परीघ, पत्र्याची जाडी आणि धातूची शिअर स्ट्रेंग्थ यांचा गुणाकार करायचा. साध्या माइल्ड स्टीलसाठी दर चौरस मिलिमीटरला ४० किलो धरले तर चालते. २ मिमी पत्र्यात २० मिमी व्यासाचे भोक पाडायचे असेल, तर परीघ सुमारे ६३ मिमी. ६३ गुणिले २ गुणिले ४० म्हणजे साधारण ५ टन. भोक ४० मिमीचे झाले की हाच आकडा १० टनांवर जातो. पत्रा स्टेनलेसचा असेल तर दीडपट धरावे. यंत्राच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या पुढे रोजचे काम नेऊ नये, म्हणजे पहिल्या जॉबला १० टनाची प्रेस आणि दुसऱ्याला २० टनाची.

पाटीवरची टनेज रॅम अगदी खाली येत असतानाची असते. वर असताना तेवढा जोर मिळत नाही. त्यामुळे भोक पाडायला पुरणारी प्रेस खोलगट वाटी ओढायला पुरेलच असे नाही. मूळ पाटी नसेल आणि बॉडीवर रंगाने ‘२० टन’ लिहिलेले असेल, तर तो पुरावा मानू नका. क्रँकशाफ्टची जाडी मोजा आणि त्याच बनावटीच्या कॅटलॉगशी ताडून पाहा. राजकोट, लुधियाना, बटाला इथल्या उत्पादकांचे कॅटलॉग फोनवर सहज मिळतात.

गोदामात काय तपासायचे?

सोबत एखादा जुना डाय सेटर किंवा फिटर न्यावा. त्याला दिवसाची मजुरी द्यावी लागली तरी ती वसूल होते.

आधी यंत्र बंद असताना, चाक पूर्ण थांबल्यावर बॉडी पाहा. ठोक्याचा सगळा ताण ‘सी’च्या आतल्या कोपऱ्यात येतो. तिथला रंग तारेच्या ब्रशने खरवडा, रॉकेल लावून पुसून घ्या आणि वर खडू घासा. तडा असेल तर आत शिरलेले रॉकेल खडूवर रेघ उमटवते. विक्रेता खरवडू देत नसेल, तर तेच उत्तर समजावे. ओतीव लोखंडाच्या बॉडीला वेल्डिंग केलेले दिसले, तर भाव कितीही उतरला तरी ते यंत्र सोडून द्या.

मग रॅमची ढिलाई. २ मिमी पत्र्यासाठी पंच आणि डाय यांच्यात प्रत्येक बाजूला ०.१ ते ०.२ मिमी एवढेच अंतर ठेवतात. रॅम त्याहून जास्त हलत असेल तर पंच डायच्या काठावर आपटतो, धार जाते आणि नगाला बर येऊ लागते. चांगल्या डायची किंमत जुन्या यंत्राच्या जवळ जाऊ शकते, हे लक्षात घेतले की या दोन दशांश मिलिमीटरचे मोल कळते. बेडवर डायल लावून रॅम हाताने पुढेमागे, डावीउजवीकडे ढकलून पाहावा. जीब पट्ट्या आवळून ही ढिलाई कमी होत असेल तर ठीक. खालून पहारीने रॅम उचलल्यावर वर-खाली खेळ जाणवला, तर बुश झिजले आहेत किंवा वर-खाली करण्याच्या स्क्रूचे आटे गेले आहेत. बुश बदलता येतात. शाफ्टच झिजला असेल तर खर्च वाढतो.

यापुढची तपासणी टाळू नये अशी. क्लचचे झाकण उघडायला लावा आणि की बाहेर काढून हातात घ्या. कडा गोल झाल्या आहेत का, टवका उडाला आहे का, वेल्डिंगचा भर देऊन घासली आहे का, स्प्रिंगला ताण आहे का, हे पाहा. मग डाय न लावता यंत्र सुरू करून एकेक ठोका मारा. पाच-दहा मारून समाधान मानू नका, निदान ५० मारा. शाफ्टच्या टोकावर खडूने खूण करा. प्रत्येक ठोक्यानंतर खूण वरच्या जागी तिथेच थांबली पाहिजे. ती पुढे सरकत असेल तर ब्रेकचे लायनिंग गेले आहे किंवा त्याला तेल लागले आहे. एकदा पायडल दाबून पाय तसाच ठेवा. सिंगल स्ट्रोकची सोय शाबूत असेल तर एक ठोका होऊन रॅम थांबतो. पुन्हा आला तर ती सोय मोडली आहे किंवा काढून टाकली आहे.

पायडल सोडलेले असतानाही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो, त्याला शॉपफ्लोअरवर ‘डबल मारते’ म्हणतात. विक्रेते कधी हसत सांगतात, ‘कधी-कधी मारते, सवय होते.’ नेहमी डबल मारणाऱ्या प्रेसपाशी माणूस सावध असतो. कधी-कधी मारणारी प्रेस तो तुकडा उचलायला गेलेला असताना गाठते. गोदामात यंत्र सलग चालवून दाखवले जाते तेव्हाही सावध राहा. सलग ठोक्यांत की सुटतच नाही, त्यामुळे क्लच आणि ब्रेकचा दोष दिसतच नाही.

सेन्सर लावला की झाले?

हा बाजारातला सर्वात मोठा गैरसमज. ‘सेन्सर बसवून देतो, हात गेला की मशीन बंद’ हे वाक्य की-क्लचच्या प्रेसबद्दल खरे नाही. सेन्सर फार तर नवा ठोका सुरू होऊ देणार नाही. सुरू झालेला ठोका थांबवायचा कशाने? यंत्रात ती सोयच नाही. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत पूर्ण फेऱ्याच्या क्लचवर असा सेन्सर सुरक्षा साधन म्हणून वापरायला मनाई आहे, ती याच कारणाने.

दोन हातांच्या बटणांचेही तसेच. बटणे दाबून, सोडून हात डायपर्यंत पोहोचायच्या आत रॅम खाली आलेला हवा. त्याच अमेरिकी नियमांत हाताचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरला आहे. मिनिटाला ६० ठोक्यांची प्रेस असेल आणि चाकाला की अडकण्याची एकच खाच असेल, तर सूत्राप्रमाणे बटणे डायपासून २.४ मीटरवर हवीत. चार खाचा असल्या तरी १.२ मीटरवर. बेडच्या कडेला वीतभर अंतरावर बसवलेली बटणे दिसायला आधुनिक वाटतात, एवढेच.

मग उपाय कोणता? डायभोवती पक्की जाळी किंवा पट्ट्यांचे गार्ड, ज्यातून पत्र्याची पट्टी आत जाईल पण बोट जाणार नाही. पत्रा सरकवण्याची फट ६ मिमीच्या आत ठेवली की बोट शिरत नाही. गावातला फॅब्रिकेटर हे एका दिवसात करून देऊ शकतो. सुटे तुकडे एकेक ठेवायचे काम असेल तर गार्ड अडचणीचे होते. तिथे सरकती ट्रे, चिमटा, चुंबकाची काठी अशी व्यवस्था डाय बनवतानाच ठरवावी. पायडलवर वरून झाकण हवेच, नाहीतर पडलेला स्पॅनरही ठोका मारतो.

किमतीत काय धरायचे?

यंत्राचे वजन गुणिले त्या दिवसाचा भंगाराचा भाव, ही खालची मर्यादा. नव्या यंत्राचे कोटेशन ही वरची. मागितलेल्या किमतीत क्रेन आणि टेम्पो, फाउंडेशन, मोटर आणि स्टार्टर, नवी की, बुश, ब्रेक लायनिंग आणि गार्ड मिळवून मग तुलना करा. १० टनाची प्रेससुद्धा अर्ध्या टनाहून जड भरते. चार माणसांनी ढकलत उतरवायची वस्तू ही नाही. बिल घ्याच. बंद पडलेल्या कारखान्यातले यंत्र असेल तर त्यावर बँकेचे कर्ज नाही, असे लेखी घ्या.

घरी वीज कशी आणि कायदा काय?

बहुतेक जुन्या मोटरी थ्री फेजच्या असतात. लहान प्रेसला सिंगल फेज मोटर किंवा व्हीएफडी लावून काम भागते. घरगुती जोडणीवर धंद्याचे यंत्र चालवणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकतो. मात्र राज्य वीज नियामक आयोगाच्या दरआदेशांत घरातूनच छोटा व्यवसाय करणाऱ्यांना महिन्याला ३०० आणि वर्षाला ३६०० युनिटपर्यंत घरगुती दराची मुभा दिली गेली आहे. जोडणीआधी महावितरणच्या उपविभागात सध्याची अट विचारून घ्यावी. ठोक्याचा हादरा भिंतींतून शेजारी पोहोचतो, त्यामुळे जोडलेल्या घरांत आणि चाळीत हे यंत्र बसवण्याचा विचारही करू नये.

कारखाना कायद्यात वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० कामगारांची मर्यादा होती. महाराष्ट्राने ती २० केली आणि केंद्राच्या २०२० च्या संहितेतही २० आहे. म्हणजे घरच्या शेडमध्ये गार्ड आहे का, हे पाहायला कोणी निरीक्षक येत नाही. ‘सेफ इन इंडिया फाउंडेशन’ २०१९ पासून वाहन उद्योगातल्या अपघातांवर ‘क्रश्ड’ हे अहवाल काढते. त्यांत पॉवर प्रेसवर बोटे गमावलेले कामगार पुन:पुन्हा भेटतात. तेही पुरवठा साखळीतल्या कारखान्यांतले. घरातल्या अपघाताची तर नोंदही होत नाही.

जबाबदारी मात्र राहते. हाताखाली एक जरी मदतनीस ठेवला तरी भरपाई मालकावर येऊ शकते. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास कमाईच्या क्षमतेची हानी ३० टक्के आणि तर्जनी पूर्ण गेल्यास १४ टक्के धरली होती. सुट्टीत शाळकरी मुलाला ‘पट्टी सरकव’ म्हणून बसवणे हे तर अजिबात नको.

हातप्रेसने भागेल का?

अनेकांचे भागते. दोन बाजूंना गोळे लावलेल्या दांड्याची स्क्रूवर चालणारी हातप्रेस जुन्या बाजारात मिळते. मोटर नाही, क्लच नाही, वीज जोडणी नाही. दांडा ओढणारा आणि पत्रा सरकवणारा एकच माणूस असेल तर ठोका त्याच्याच हातात राहतो. दोन माणसे लावली की तीही बोट चेपते आणि फिरता गोळा डोक्याला लागू शकतो, म्हणून दांड्याच्या फेऱ्यात कुणी उभे राहू नये. पातळ पत्रा, लहान भोके आणि दिवसाला दोन-तीनशे नग एवढे काम असेल तर ती पुरते. ऑर्डर हजारांत गेली आणि जॉब पक्का झाला, की त्या जॉबची डाय आणि गार्ड यांचे चित्र आधी काढून घ्यावे आणि ते दोन्ही ज्या बेडवर नीट बसतील अशी प्रेस शोधायला बाहेर पडावे.