पॉम की लॅब?

शहरातल्या मराठी मध्यमवर्गीय घरात कुत्रा आणायचा ठरला की १९९०च्या आसपास चर्चा फिरून फिरून दोनच नावांवर यायची. पॉमेरियन की लॅब? अल्सेशियन बंगलेवाल्यांचा, डॉबरमनची भीती वाटते, आणि गावठी पिल्लू उचलून आणावं तर आजी म्हणणार, "रस्त्यावरचं घरात कशाला गं?" उरायचे हे दोन. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत निकाल लॅबच्या बाजूने इतका एकतर्फी लागला की आज पुण्या-ठाण्याच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत संध्याकाळी खाली उतरा, पिवळे, काळे, चॉकलेटी लॅब मालकांना ओढत नेताना दिसतील. पॉमेरियन असलाच तर एखाद्या निवृत्त जोडप्याकडे, बाकावर शेजारी बसलेला. माझं मत आधीच सांगून टाकते: दोन खोल्यांच्या घरांपुरता तरी हा निकाल चुकला.

त्याआधी हा प्रश्नच नव्हता. गावच्या घरी मोत्या असायचा, पण ओसरीच्या आत त्याला पाऊल टाकता यायचं नाही. उरलेली भाकरी त्याच्या वाट्याची, म्हणून तो 'आपला'. चाळीत कुत्रा जिन्याखाली, आणि तोही सगळ्या चाळीचा. शिवाय कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं, ही धास्ती प्रत्येक पोराच्या मनात पक्की बसवलेली. ती पोकळ नव्हती. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस नवं शतक उजाडेपर्यंत आपल्या सरकारी दवाखान्यांत दिली जात होती. कुत्रा घरात, माणसांच्या पायाशी झोपतो ही गोष्ट दुसऱ्यांच्या घरची. पु. लं.च्या 'पाळीव प्राणी'ला लोक मनसोक्त हसले तेही थोडं या अंतरावरूनच.

हे अंतर मोडलं पॉमेरियनने, आणि मोडायला कारण झाला फ्लॅट. चाळीची दारं दिवसभर उघडी असत. कोण आलं, कोण गेलं हे समोरच्या काकूंना आपल्याआधी कळायचं. डोंबिवलीच्या, सहकारनगरच्या फ्लॅटला लॅच लागलं आणि काकूंची ती चौकी बंद झाली. नवरा-बायको दोघं नोकरीला, मूल एकटं किंवा आजीसोबत. अशा घरात बेल वाजायच्या आधी, जिन्यातल्या पावलांवरूनच ओरडणारा पाच-सात किलोंचा प्राणी उपयोगाचाच होता. दूधवाल्याची पावलं वेगळी, पेपरवाल्याची वेगळी, हे त्याला आठवड्याभरात कळायचं. पिल्लू मिळायचं ओळखीतून. कुणाच्या तरी मावशीच्या कुत्रीला चार झालेली असत, त्यातलं एक टोपलीत घालून रिक्षाने यायचं. कागद नाहीत, वंशावळ नाही.

ज्याला आपण पॉमेरियन म्हणत आलो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ. बाल्टिक समुद्राकाठच्या पॉमेरेनिया प्रांतावरून नाव पडलेला विलायती पॉम आज जेमतेम दोन-तीन किलोंचा, पण तो मुळात एवढासा नव्हता. राणी व्हिक्टोरियाने १८८८ साली फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा छोटा पॉम आणला, तिच्या हौसेने लहान चणीची फॅशन आली, आणि पुढच्या काही दशकांत ही जात आकसत गेली. आपला स्पिट्झ त्याच कुळातला, पण इंग्रजांनी जर्मन स्पिट्झवरून इथे वाढवलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या इथल्या उन्हापावसात तगलेला. १९८०च्या दशकात परदेशी जातींची आयात अवघड होती, तेव्हा हा इथेच, कुठल्याही गावात, कारकुनाला परवडेल अशा किमतीत मिळायचा. दूध-पोळी, वरणभात, अधूनमधून ग्लुकोज बिस्किट. आजचे डॉक्टर हा आहार ऐकून कपाळावर हात मारतात, आणि त्या कुत्र्यांचे दात लवकर किडायचे, पडायचे हेही खरं. तरी बारा-चौदा वर्षांचे पॉम मी कितीतरी घरांत पाहिलेत.

१९९४च्या ऑगस्टमध्ये 'हम आपके हैं कौन..!' आला आणि टफी घरोघरी पोचला. क्रिकेटच्या सामन्यात अंपायर होणारा, ऐन वेळी चिठ्ठी योग्य माणसाच्या हाती देणारा तो पांढरा कुत्रा पाहून मुलांनी हट्ट धरले. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक नव्या पिल्लाचं नाव टफी होतं. एक हाक मारली की तीन धावत येत. पॉमची बदनामीही इथूनच सुरू झाली असं मला वाटतं. पडद्यावर तो कापसाचं खेळणं दिसला आणि घरी तो पाच वर्षांच्या मुलाच्या हातात खेळणं म्हणूनच दिला गेला. स्पिट्झ घरातलं एक माणूस आपलं मानतो, बहुधा जेवण देणारी आई नाहीतर आजी. बाकीच्यांनी शेपूट ओढलेली, झोपेत उचललेली त्याला चालत नाही. तो आधी गुरगुरतो, मग दात लावतो. 'पॉम चावरे असतात' हे वाक्य त्या दशकाच्या शेवटी सगळीकडे ऐकू येऊ लागलं. ते अर्धंच खरं होतं. भुंकण्याची तक्रार मात्र पूर्ण खरी. बाल्कनीत बांधलेला पॉम दुपारभर काय करतो, हे वरच्या मजल्यावर रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाला विचारावं.

त्याच सुमारास लॅबची कीर्ती वेगळ्याच वाटेने आली. १२ मार्च १९९३च्या स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला 'जंजीर' वर्तमानपत्रांत झळकू लागला. हा लॅब्राडॉर पुण्यात शिकून तयार झालेला. त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स शोधल्याची नोंद आहे. नोव्हेंबर २०००मध्ये तो गेला तेव्हा पोलिसांनी इतमामाने त्याला निरोप दिला. फुलांखालच्या त्या कुत्र्याला मानवंदना देणाऱ्या अधिकाऱ्याचा फोटो अजून फिरत असतो. पुढे २६/११ला काम केलेल्या मुंबई पोलिसांच्या कुत्र्यांतही लॅब होते. शहाणा, शूर, आणि तरी लहान पोराने कान ओढला तर नुसता बघणारा, अशी जात पाहून मध्यमवर्ग विरघळला नसता तरच नवल. त्यात २००० नंतर आयटीचे पगार आले, फ्लॅट दोनाचे तीन बेडरूमचे झाले, अमेरिकेला जाऊन आलेल्या भावाने तिथल्या घरातला लॅब फोटोत दाखवला. अमेरिकन केनेल क्लबच्या नोंदणीत १९९१पासून २०२१पर्यंत लॅब सलग पहिला होता. २०२२ साली फ्रेंच बुलडॉगने त्याला मागे टाकलं. (मध्ये २००३ साली हचच्या जाहिरातीने पगची लाट आणली. चपट्या नाकाच्या त्या बिचाऱ्या जातीने आपल्या मे महिन्यात काय भोगलं, तो वेगळ्या लेखाचा विषय.)

लॅब स्वभावाने गोड आहे, याबद्दल वादच नाही. प्रश्न त्याच्या घडणीचा आहे. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलँडच्या कोळ्यांबरोबर बर्फाळ पाण्यात उतरणारे, जाळी आणि निसटलेले मासे ओढून आणणारे. तिथून ते इंग्लंडच्या पूल बंदरात आले, उमरावांनी ते शिकारीसाठी वाढवले, आणि १९०३ साली तिथल्या केनेल क्लबने जातीला मान्यता दिली. दुहेरी लोकर, रुंद छाती, पोहताना सुकाणूसारखी वापरायची जाड शेपटी. हे सगळं यंत्र आपण चौथ्या मजल्यावर आणलं आणि सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा मिनिटं खाली फिरवलं. तोही फिरायला नेणाऱ्याला सवड असली तर. मग सोफ्याचे कोपरे गेले, चपला गेल्या, टीपॉयवरचा चिवडा शेपटीच्या एका फटक्यात जमिनीवर. दोन वर्षांचा होईपर्यंत लॅब मोठ्या अंगाचं पिल्लूच असतो, हे विकणारा कधी सांगत नाही.

आणि भूक! लॅब पाळलेल्या प्रत्येक घरात ही तक्रार आहे: आत्ता जेवला, तरी बघा कसा बघतोय. याचा उलगडा २०१६ साली केंब्रिजमध्ये एलिनॉर रॅफन आणि सहकाऱ्यांनी केला. लॅबच्या साधारण चौथ्या हिश्श्यात पीओएमसी नावाच्या जनुकाचा तुकडा गळलेला असतो, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप नीट पोचत नाही. २०२४ साली त्याच गटाने दाखवलं की अशा कुत्र्यांचं शरीर आरामात असताना सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा खर्च करतं. म्हणजे भूक जास्त आणि खर्च कमी. आता हा कुत्रा मराठी घरात आणा. सकाळी बाबा पोळीचा तुकडा टाकतात, दहा वाजता आई, दुपारी आजी, आणि तिघांनाही वाटतं आपण एकट्यानेच दिला. गणपतीत मोदक, दिवाळीत शंकरपाळे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ४८ लॅब्राडॉर जन्मभर दोन गटांत पाळले होते. भावंडांपेक्षा चतुर्थांश कमी खाणारे कुत्रे जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले, मध्यक ११.२ विरुद्ध १३ वर्षं. हा आकडा मी अनेक आज्यांना सांगितला आहे. एकीनेही पोळी थांबवली नाही.

निवड करताना कुणी विचारात घेत नाही ते कुत्र्याचं म्हातारपण. आपल्या शहरांतल्या १९८०-९०च्या बहुतेक इमारती तीन-चार मजली, बिनलिफ्टच्या. पिल्लू काखेत घालून वर नेलं तेव्हा ते चार किलोंचं होतं. दहाव्या वर्षी पस्तीस किलोंचं, कंबरेच्या सांध्याने गेलेलं जनावर तिसऱ्या मजल्यावरून दिवसातून तीनदा लघवीला खाली कसं न्यायचं? लॅबमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष आनुवंशिक आहे, वजनाने तो बळावतो, गुळगुळीत टाईल्सवर पाय फाकून आणखी बिघडतो. मी लोकांना जुनं बेडशीट पोटाखालून घालून दोघांनी दोन टोकं धरून लॅब उतरवताना पाहिलंय. मुलगा तोवर बंगळुरूला नाहीतर टेक्सासला. ज्याच्या दहावीच्या बक्षिसाला तो कुत्रा आणला, तो व्हिडिओ कॉलवर हाक मारतो आणि कुत्रा फोनच्या मागे जाऊन शोधतो. जिन्यात उरतात सत्तरीचे आईबाप, स्वतःच गुडघेदुखीचे. पॉमलाही दुखणी आहेत. गुडघ्याची वाटी सरकते, श्वासनलिका खचून हंसासारखा घोगरा खोकला लागतो, म्हणून त्याला गळपट्ट्याऐवजी हार्नेस बरा. पण त्याला पिशवीत घालून एकटी बाई दवाखान्यात नेऊ शकते. पूर्वी मुंबईत दवाखाना म्हणजे परळचं बैलघोडा हॉस्पिटल. पॉमला घेऊन लोक लोकलमधून तिथे जात असत.

या काळात नियमही बदलले. सोसायटीच्या वार्षिक सभेत 'कुत्रे बंद' असा ठराव हात वर करून मंजूर व्हायचा. २०१५ साली प्राणी कल्याण मंडळाने स्पष्ट केलं की असा ठराव करता येत नाही, आणि लिफ्टही नाकारता येत नाही. भांडणं संपली नाहीत, पण कुत्रेवाल्यांच्या हातात एक कागद आला आणि मोठे कुत्रे घेण्याची भीड चेपली. २०१७च्या नियमांनी पैदास करणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी घातली. पाच आठवड्यांचं, आईचं दूध पुरतं न सुटलेलं, पार्वो विषाणूची बाधा घेऊनच आलेलं पिल्लू 'दोन महिन्यांचं आहे' म्हणून गळ्यात मारायचं, हा धंदा मात्र अजून चालतो. माझ्या ओळखीत एका घराने असं लॅबचं पिल्लू आणलं आणि चौथ्या दिवशी घालवलं. लस दिल्याचं कार्ड होतं, त्यावर शिक्काही होता.

२०२०च्या टाळेबंदीत घरोघरी पिल्लं आली, त्यात लॅब पुष्कळ. ऑफिसं उघडली तसे ते लॅब 'चांगल्या घरी द्यायचे आहेत' म्हणून व्हॉट्सॲपवर फिरू लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये बीड पोलिसांच्या रॉकी या कुत्र्याचा उल्लेख केला आणि देशी जाती पाळा म्हणून सांगितलं. मुधोळचं नाव त्यात होतं. आपल्या सोलापूर-लातूरकडचा कारवान त्याचाच भाऊबंद. मुधोळच्या पिल्लांची चौकशी लगेच वाढली. सडपातळ दिसतो म्हणून कमी जागेत मावेल अशी समजूत. सशामागे उघड्या माळावर सुटण्यासाठी घडलेला तो शिकारी कुत्रा. त्याला कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आणणं म्हणजे लॅबची चूक आणखी वेगाने करणं. रस्त्यावरचं पिल्लू घरात घेणारी तरुण मंडळी मात्र खरंच वाढली आहेत, आणि आजीची हरकत आता ऐकू येत नाही. बहुतेक आज्या त्या पिल्लाला मांडीवर घेऊन मालिका बघतात.

पॉम हवाच असेल तर आज बाजारात 'टॉय' दाखवतात: दोन किलोंचा, टेडी बेअरसारखा कातरलेला, किंमत स्कूटरची. जुना पाच-सात किलोंचा पांढरा स्पिट्झ पैदास करणाऱ्यांच्या यादीत फारसा नसतो, कारण त्यात नफा नाही. तो तालुक्याच्या गावी अजून दिसतो, किराणा दुकानाच्या पायरीवर, मालकाच्या चपलांवर हनुवटी टेकून. गेल्या वर्षी पुतणीने लॅबचं पिल्लू बघून ठेवलं होतं. तिला मजला विचारला, लिफ्ट विचारली, घरी दुपारी कोण असतं ते विचारलं. तिसऱ्या प्रश्नाला ती गप्प झाली. सध्या ती बार्शीच्या मावशीच्या शेजारणीकडे पिल्लं कधी होतात याची चौकशी करते आहे.