कात्रजचा घाट आणि कात्रजचे बोगदे

एखाद्यास चातुर्यानें हुलकावणी दिली, म्हणजे ‘त्यास कात्रजचा घाट दाखविला’ असें आपण सहज म्हणून जातों. या वाक्प्रचारामागील आख्यायिका घरोघरीं ठाऊक आहे. ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीं शिवाजी महाराजांनीं लाल महालांत शिरून शाइस्तेखानाचीं बोटें छाटलीं आणि ते सिंहगडाच्या वाटेनें निघून गेले. इकडे कात्रजच्या घाटांत बैलांच्या शिंगांस व झाडांस पलिते बांधून ठेविले होते, ते पाहून मोंगलांची फौज घाटाकडे धांवली, आणि तिच्या हातीं लागले ते बैल! ही हकीकत कागदोपत्रीं कितपत टिकते, तो वाद संशोधकांनीं खुशाल करावा. भाषेनें मात्र तिला केव्हांच प्रमाण मानलें आहे.

परंतु ज्या घाटाच्या नांवावर हा वाक्प्रचार रूढ झाला, तो घाट आज मोटारींतून जाणाऱ्या भल्याभल्यांस फसवीत आहे, आणि ही फसवणूक विनोदाची राहिलेली नाहीं. चमत्कार असा, कीं ती बोगद्याच्या अंधारांत होत नाहीं. बोगदा संपला, समोर पुण्याचे दिवे लुकलुकूं लागले, ‘आलें घर!’ म्हणून सर्वांनीं सुटकेचा निःश्वास टाकला, म्हणजे तेथें ती होते.

हें नीट समजावयाचें तर कात्रजच्या डोंगराची आणि त्याच्या पोटांतील वाटांची थोडी पूर्वपीठिका पाहिली पाहिजे. भूमीच्या पोटांतून वाट काढण्याची विद्या या गांवांत इंग्रजांच्या फार पूर्वीं येऊन पोंचली होती. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत (१७४० ते १७६१) कात्रजच्या तलावाचें पाणी दगडी बांधणीच्या बंदिस्त नळानें, जमिनीखालून, सात-आठ किलोमीटरांवरील शनिवारवाड्यापर्यंत आणलें गेलें. या नळांतून माणसास चालत जातां येतें. वाटेवर ठिकठिकाणीं विहिरीसारखीं तोंडें ठेवलेलीं होतीं; त्यांस ‘उच्छ्वास’ असें मोठें समर्पक नांव आहे. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे आणि नळ साफ करणाऱ्या माणसांस आंत उतरतां येई. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद या नांवांशीं ज्या पुणेकर आज्यांचें बालपण निगडित होतें, त्यांच्या घागरी याच पाण्यानें भरल्या. या सर्व कामांत यंत्र म्हणून कांहींच नव्हतें. होता तो फक्त उताराचा हिशेब. उतार कमी पडला तर पाणी थबकतें, अधिक झाला तर तें बांधकाम फोडतें. अडीचशें वर्षांपूर्वींच्या त्या गवंड्यांस उताराचें जें भय होतें, तें आमच्या मतें आजच्या मोटारचालकांस उरलेलें नाहीं.

माणसांच्या रस्त्यास बोगदा मिळाला तो पुढें, एकोणिसाव्या शतकांत, इंग्रजी अमलांत. त्यापूर्वीं पुण्याहून साताऱ्याकडे जाणारे पुष्कळसे लोक सासवड-जेजुरीची वाट धरीत. कात्रजच्या घाटानें सडक नेण्याचें ठरलें, तेव्हां माथ्यावरील शेवटचा चढ टाळण्याकरितां डोंगराचा कणाच पोखरून काढण्यांत आला. सह्याद्रीचा हा खडक म्हणजे काळा पाषाण. लाव्हा रसाचे थर एकावर एक निवून तो बनला आहे. त्याचा एक गुण असा, कीं तो अखंड असेल तेथें कमानीच्या आधारावांचूनहि आपलें ओझें आपण पेलतो. दोष असा, कीं थराथरांमध्यें मऊ तांबड्या मातीच्या पट्ट्या असतात व खडकास उभ्या भेगा असतात. पावसाळ्यांत पाणी तेथूनच वाट काढतें. म्हणून आपल्याकडील जुन्या बोगद्यांत आषाढ-श्रावणांत छत ठिबकतें, आणि बोगद्याच्या पोटापेक्षां त्याचीं दोन तोंडेंच अधिक संभाळावीं लागतात. दरड कोसळते ती बहुधा तोंडाशीं.

हा जुना बोगदा आजहि रहदारींत आहे. तो आंखूड व अरुंद असून त्याच्या एकाच नळींतून जाणारी व येणारी, अशी दोन्ही वाहनें चालतात. वाघजाईचें देऊळ येथें आहे. कात्रज ते सिंहगड अशी रात्रीची डोंगरयात्रा करणारी तरुण मंडळी येथूनच वर चढूं लागतात. पुण्याकडून या बोगद्यापर्यंत येणारा रस्ता वळणावळणांचा आहे. पूर्वीं प्रवासी या वळणांस शिव्या देत. कोणास मळमळे, कोणाचें डोकें धरे, आणि ‘लिंबू घेतलें कां ग बरोबर?’ हा प्रश्न स्वारगेटलाच विचारला जाई. पण त्या वळणांचा एक उपकार आम्हांस आतां कळूं लागला आहे. प्रत्येक वळण गाडीचा वेग मोडी. चालकाची इच्छा असो वा नसो, घाट त्यास सावध ठेवी.

नवा बोगदा या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबई-बंगळूर हमरस्ता रुंद झाला तेव्हांचा. सुवर्ण चतुष्कोण या नांवाची जी देशव्यापी मार्गयोजना झाली, तिचा हा भाग होय. पुणें शहराच्या गर्दींत न शिरतां पश्चिमेकडून वळसा घालून जाणारा रस्ता कात्रजच्या डोंगराशीं आला व डोंगरांतून आरपार गेला. हा बोगदा सव्वा किलोमीटरच्या आंतबाहेर लांब आहे. त्याच्या दोन स्वतंत्र नळ्या आहेत, एक जाण्याची व एक येण्याची, आणि प्रत्येकींत वाहनांच्या तीन रांगा मावतात.

दोन नळ्यांचें महत्त्व किती, हें युरोपनें फार मोठी किंमत देऊन शिकून घेतलें. फ्रान्स व इटली यांना जोडणारा माँ ब्लांचा बोगदा १९६५ मध्यें खुला झाला, लांबी ११.६ किलोमीटर, पण नळी एकच, आणि तिच्यांतून दोन्ही बाजूंची रहदारी. २४ मार्च १९९९ रोजीं त्यांत एका मालमोटारीस आग लागली. माल कोणता, तर पीठ आणि मार्गारीन, म्हणजे वनस्पती लोण्यासारखा पदार्थ! स्फोटक नव्हे, विषारी नव्हे. तरी ३९ माणसें दगावलीं. पुढें २४ ऑक्टोबर २००१ रोजीं स्वित्झर्लंडमधील गॉटहार्डच्या, जवळ जवळ १७ किलोमीटर लांबीच्या बोगद्यांत दोन मालमोटारी आदळून आग लागली व ११ जण मेले. तेथेंहि वाहनांची नळी एकच होती. परंतु तिच्या बाजूस माणसांपुरती एक समांतर वाट होती, तिच्यामुळें पुष्कळांचे प्राण वांचले. अशा आगींत जाळापेक्षां धूर घातक असतो, हें सर्वांनीं ध्यानांत ठेवावें. एकेरी वाहतुकीच्या नळींत धांवत्या गाड्या पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणें हवा पुढें ढकलीत असतात. आग लागली तर पुढच्या गाड्या निघून जातात, आणि मागें अडकलेल्यांकडे धूर लगेच उलटत नाहीं. अशा वेळीं सामानाचा मोह न धरितां, किल्ली गाडींतच ठेवून, आल्या वाटेनें पायीं परत फिरावें. कात्रजच्या बोगद्याएवढ्या लांबीचें अंतर धडधाकट माणूस पंधरा-वीस मिनिटांत चालून जातो. वृद्धांस व मुलांस मात्र कोणी तरी हातीं धरलें पाहिजे, आणि तें कोण धरणार, हें कुटुंबांतील कर्त्यानें क्षणांत ठरविलें पाहिजे.

मग भय कोठें आहे? साताऱ्याकडून येतांना नळी संपते आणि जांभूळवाडीपासून रस्ता दरी पुलावरून नऱ्ह्याच्या बाजूनें नवले पुलाकडे उतरूं लागतो. हा उतार रुंद आहे, गुळगुळीत आहे, आणि मैलोगणती चालतो. येथें घाटासारखें कांहींच दिसत नाहीं! ना कडा, ना नागमोड, ना ‘घाट सुरू’ म्हणून मनास पटेल अशी एखादी खूण. डोंगर तर बोगद्यानें मागें टाकला, मग आतां कसला घाट? परंतु बोगद्यानें टाळला तो माथा. माथ्यावरून खालीं येण्याची उंची कोठेंच गेली नाहीं. ती फक्त वळणांतून सुटून सरळ झाली.

कांहीं मालमोटारींचे चालक येथें गाडी न्यूट्रलला टाकतात, कोणी तर इंजिनच बंद करतात. हेतु एवढाच, कीं चार घोट डिझेल वांचावें. या समजुतीचा थोडा हिशेब करून पाहूं. माल भरलेली ४० टनांची गाडी शंभर मीटर उंची उतरली, तर तिचा वेग कायम ठेवण्याकरितां जी शक्ति कोठें तरी जिरवावी लागते, तिच्या उष्णतेनें सुमारें सवाशें लिटर गार पाणी उकळूं लागेल. आपल्या न्हाणीघरांतील बंब किती वेळां भरावा लागेल, तें गृहिणींनींच मोजावें. गाडी गिअरमध्यें असेल तर या ओझ्याचा मोठा वांटा इंजिन उचलतें. न्यूट्रलला असेल तर सर्व उष्णता बिचाऱ्या ब्रेकांवर येते. ब्रेक तापले कीं त्यांची पकड सुटते. चालक पाय दाबतो, गाडी ऐकत नाहीं. इंजिनच बंद असेल तर आणखी अनर्थ: मोठ्या गाड्यांचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात, आणि ती हवा भरणारा पंप इंजिनावर फिरतो. चार-सहा वेळां ब्रेक दाबला कीं सांठा उतरूं लागतो, आणि सुकाणूचें चाकहि जड होऊन बसतें. बरें, डिझेल तरी वांचतें काय? आधुनिक इंजिनांत गाडी गिअरमध्यें ठेवून उतार उतरतांना इंधनाचा पुरवठा आपोआप बंद होतो. न्यूट्रलमध्यें मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतें तें जळत राहतें. म्हणजे ज्या काटकसरीपायीं जीव धोक्यांत घालावयाचा, ती काटकसरहि खोटीच!

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्रीं याच उतारावर एका अवजड गाडीनें डझनावारी वाहनांस धडक दिली. चालकानें इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडली होती, असा पोलिसांचा प्राथमिक अंदाज त्या वेळीं प्रसिद्ध झाला. १३ नोव्हेंबर २०२५ च्या सायंकाळीं पुन्हां नवले पुलानजीक एक कंटेनर अनावर झाला. दोन अवजड वाहनांच्या मध्यें एक मोटार चिरडली, आगीचा डोंब उसळला आणि आठ जणांचा बळी गेला. या दोन तारखांच्या मध्यें व आधींहि अपघात झाले. त्यांची जंत्री देण्याची आमची इच्छा नाहीं. वेगाच्या मर्यादा उतरविल्या गेल्या, रस्त्यावर खडखडाट करणाऱ्या पट्ट्या घातल्या गेल्या, फलक लागले. हें सर्व योग्यच झालें. परंतु नऱ्हें-आंबेगांवकडे जेथें एके काळीं शेतें होतीं, तेथें आतां दाट वस्ती आहे, जोडरस्ते आहेत, शाळेच्या गाड्या आहेत. अवजड वाहनें आणि घरगुती रहदारी यांस वेगवेगळ्या वाटा मिळाल्यावांचून नुसत्या फलकांनीं भागेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

डोंगराशीं केलेल्या आगळिकीचें आणखी एक उदाहरण याच परिसरांत घडलें. ६ जून २०१३ रोजीं बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ जोराचा पाऊस झाला. वरच्या बाजूस टेकडी फोडून ओढ्याची वाट बुजविली गेली होती. तें पाणी हमरस्त्यावर लोटलें आणि एक माता आपल्या तान्ह्या मुलीसह वाहून गेली. ती कोणत्याहि जंगलांत नव्हती; मोठ्या सडकेवर होती. पाण्यासहि उतार हवा असतो, आणि आपण तो अडविला तर तें स्वतःचा उतार शोधतें.

आतां आमच्या वाचकांच्या घरचीच गोष्ट घेऊं. कोल्हापूरची अंबाबाई किंवा नरसोबाची वाडी करून मंडळी रात्रीं परत येत आहेत. मुलें निजलीं आहेत, आजींच्या मांडीवर प्रसादाची पिशवी आहे, आणि गाडी घरांतलाच कोणी पुतण्या किंवा भाचा हांकतो आहे. बोगदा आला कीं मुलें जागीं होऊन ओरडतात, आणि तो हौसेनें कर्णा वाजवितो. बोगदा संपला कीं कोणी चपला शोधतें, कोणी ‘दूध आहे कां घरीं?’ म्हणून फोन लावतें, कोणी दिव्यांची शोभा दाखवितें. हा सर्व आनंद आम्हांसहि प्रिय आहे. पण गाडी हांकणाऱ्यास त्यांत ओढूं नये, एवढें पथ्य सर्वांनीं पाळावें. त्यानें नळींतून बाहेर पडण्याआधींच वेग उतरवावा, खालचा गिअर घालावा, आणि दोन अवजड गाड्यांच्या मधली जागा कितीहि मोकळी दिसली तरी तींत शिरूं नये. पाठीमागून येणाऱ्या मोठ्या गाडीचा कर्णा अखंड वाजूं लागला, तर तो उर्मटपणा न समजतां वाट सोडून द्यावी. कदाचित् त्या चालकाजवळ तेवढेंच एक साधन उरलें असेल. आणि फोटो काढण्याकरितां या उतारावर कडेस गाडी उभी करणें म्हणजे निव्वळ वेडेपणा होय.

बैलगाड्यांच्या काळीं घाटाचा माथा ओलांडला कीं गाडीवान खालीं उतरे, चाकास लाकडाची अडण लावी, आणि बैलांच्या पुढें होऊन त्यांच्या शिंगांशीं बोलत पायीं चाले. चढावर तो गाडींत बसून डुलकीहि घेई. उतारावर त्यास कोणी कधीं बसलेला पाहिला नाहीं.